सेशनमध्ये काय ठेवावे आणि काय ठेवू नये: जँगोतील हरवणारी कार्ट आणि अकारण लॉगआउट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर चालणाऱ्या अभ्यासक्रम-नोंदणीच्या ॲप्लिकेशनमध्ये वापरकर्त्याने निवडलेले अभ्यासक्रम, पाच टप्प्यांच्या अर्जात भरलेली माहिती आणि शोधाचे निकाल हे सर्व तुम्ही सेशनमध्ये, म्हणजे एका ब्राउझरच्या लागोपाठच्या रिक्वेस्टमध्ये लक्षात ठेवल्या जाणाऱ्या डेटात, साठवता. कार्टमधील नोंदी अधूनमधून नाहीशा होऊ लागल्या, म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने सेशन_सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्ट ही प्रत्येक रिक्वेस्टला सेशन लिहून ठेवणारी सेटिंग चालू केली. मग डेटाबेसमधील सेशनचे टेबल फुगत गेले, म्हणून सेशन कॅशमध्ये, म्हणजे वेगवान तात्पुरत्या साठ्यात, हलवले. आता प्रत्येक डिप्लॉयनंतर, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवल्यानंतर, सगळे वापरकर्ते लॉगआउट होतात, आणि कार्टमधील नोंदी तर अजूनही हरवतातच.

या तीनही तक्रारींचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे. सेशन ही गमावली तरी चालेल अशी गोष्ट आहे आणि तुम्ही तिच्यात गमावून चालणार नाही असा डेटा ठेवला आहे. ज्या क्षणी सर्व सेशन पुसून टाकली तरी वापरकर्त्याला पुन्हा लॉगिन करण्यापलीकडे काहीही त्रास होणार नाही, त्या क्षणी तुमची रचना बरोबर आहे असे समजावे. मात्र हे तत्त्व म्हणून सांगून भागत नाही, कारण सध्याच्या प्रत्येक लक्षणामागे वेगळी यंत्रणा आहे आणि ती समजल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला असे होते.

आधी नोंदी हरवण्याचे पाहू, कारण तिथे एक नव्हे तर तीन वेगवेगळे दोष एकाच रूपात दिसतात. पहिला दोष सर्वपरिचित आहे. जँगोचे सेशन बाहेरून डिक्शनरीसारखे दिसते आणि त्याच्या वरच्या पातळीवरच्या किल्लीला नवे मूल्य दिले की ‘बदल झाला’ अशी खूण त्याच्यावर लागते. परंतु सेशनमधील ‘कार्ट’ नावाची डिक्शनरी बाहेर न काढता तिच्या पोटात एखादी नोंद घातली, तर हा बदल सेशनला कळतच नाही, कारण सेशनच्या दृष्टीने ‘कार्ट’ या किल्लीला कोणी हात लावलेला नसतो. त्या रिक्वेस्टपुरती नोंद दिसते, पुढच्या रिक्वेस्टला ती नसते. यावर उपाय म्हणजे बदललेली कार्ट पुन्हा सेशनला नेमून देणे, किंवा सेशनची मॉडिफाइड ही खूण स्वतः ट्रू करणे. तुम्ही चालू केलेल्या सेटिंगमुळे हा दोष झाकला गेला, म्हणून काही दिवस सुधारणा झाल्यासारखे वाटले असणार.

दुसरा दोष जरा लपलेला आहे. जँगो १.६ पासून, म्हणजे २०१३ पासून, सेशनमधील डेटा पूर्वनिर्धारितपणे जेसन या मजकुरी स्वरूपात साठवला जातो, आणि जेसनमध्ये डिक्शनरीची किल्ली केवळ स्ट्रिंग असू शकते. तुम्ही दाखवलेल्या कोडमध्ये अभ्यासक्रमाचा क्रमांक पूर्णांक म्हणून किल्लीच्या जागी वापरला आहे. समजा, अभ्यासक्रम १७ साठी एक जागा घातली. त्या रिक्वेस्टमध्ये किल्ली १७ हा पूर्णांक आहे, पण साठवताना तिची ‘१७’ ही स्ट्रिंग होते. पुढच्या रिक्वेस्टमध्ये तुमचा कोड पूर्णांक १७ शोधतो, तो सापडत नाही, म्हणून शून्यात एक मिळवून १७ या पूर्णांकाखाली पुन्हा एक लिहितो. आता डिक्शनरीत स्ट्रिंग आणि पूर्णांक अशा दोन किल्ल्या आहेत. जेसनमध्ये त्या एकाच नावाने दोनदा लिहिल्या जातात आणि वाचताना शेवटची तेवढी उरते. परिणामी वापरकर्त्याने कितीही वेळा ‘आणखी एक जागा’ दाबले तरी संख्या एकच राहते. किल्ली आधीच स्ट्रिंगमध्ये बदलून घेतली की हा प्रश्न मिटतो, आणि तुमच्या तक्रारींपैकी ‘संख्या वाढत नाही’ ही जी एक किरकोळ म्हणून लिहिलेली ओळ आहे, ती जेसन चालू असतानाची असेल तर तिचे कारण बहुधा हेच आहे; तुम्ही सध्या वापरत असलेल्या पिकलमध्ये पूर्णांक किल्ली पूर्णांकच राहते, पण जेसनवर जाताच हा दोष दिसेल.

तिसरा दोष मात्र कोडच्या एखाद्या ओळीत नसून रचनेत आहे. जँगो सेशनचा सगळा डेटा एकच गठ्ठा म्हणून वाचतो आणि बदल झाला असेल तर रिक्वेस्ट संपताना मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी-नंतर चालणारा कोड) तो गठ्ठा जसाच्या तसा परत लिहितो. वाचन आणि लेखन यांच्या मधल्या काळात कोणतेही कुलूप नसते. एका वापरकर्त्याच्या ब्राउझरमधून दोन रिक्वेस्ट जवळजवळ एकाच वेळी आल्या असे धरा. पहिलीने सेशन वाचले तेव्हा कार्ट रिकामी होती, दुसरीने वाचले तेव्हाही रिकामीच होती. पहिलीने अभ्यासक्रम घातला आणि लिहिले. दुसरीने, जी काहीशी संथ होती, सेशनमध्ये ‘शेवटचा शोध’ बदलला आणि तिच्याजवळचा जुना गठ्ठा लिहिला, ज्यात कार्ट रिकामीच आहे. जो शेवटी लिहितो त्याचे टिकते, आणि इथे अभ्यासक्रम हरवला. त्रुटीचा कोणताही संदेश कुठेही येत नाही, लॉगमध्ये दोन्ही रिक्वेस्ट यशस्वी दिसतात.

आता सेशन_सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्ट चालू केल्यावर काय झाले ते लक्षात येईल. पूर्वी केवळ सेशन बदलणाऱ्या रिक्वेस्ट लिहीत असत. आता केवळ वाचणाऱ्याही लिहितात. तुमच्या पानावर सूचनांची संख्या दर काही सेकंदांनी विचारणारी जी पार्श्वभूमीतील रिक्वेस्ट आहे, ती वापरकर्ता ओळखण्यासाठी सुरुवातीलाच सेशन वाचते आणि शेवटी तोच जुना गठ्ठा परत लिहिते. ज्या रिक्वेस्टचा कार्टशी काडीचाही संबंध नाही, ती आता कार्ट पुसू शकते. म्हणजे या सेटिंगने पहिला दोष झाकला आणि तिसरा कित्येक पटींनी वाढवला.

पीएचपीवरून आलेल्या मंडळींना हे विशेष खटकते, कारण तिथे फायलींवर आधारलेले मूळ सेशन उघडताना फाइलला कुलूप लावले जाते आणि त्याच सेशनची दुसरी रिक्वेस्ट पहिली संपेपर्यंत थांबून राहते. त्यामुळे डेटा सुरक्षित राहतो, पण एखादी संथ रिक्वेस्ट बाकीच्या सगळ्यांना अडवून धरते आणि म्हणूनच तिथे काम होताच सेशन लवकर बंद करण्याचा सल्ला दिला जातो. जँगोने वेग निवडला आहे. दोन्ही निवडींना किंमत आहे, फक्त आपण कोणती किंमत मोजत आहोत हे माहीत असले पाहिजे.

म्हणून कार्टला स्वतःचे टेबल द्या. एक ओळ कार्टची, तिला यूयूआयडीसारखा अंदाज न लावता येणारा क्रमांक, आणि तिच्याखाली प्रत्येक अभ्यासक्रमाची स्वतंत्र ओळ, ज्यात कार्ट आणि अभ्यासक्रम या जोडीवर युनिक, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारे, बंधन असेल. संख्या वाढवताना ती पायथॉनमध्ये वाचून, एक मिळवून, परत लिहू नका. जँगोचे एफ एक्स्प्रेशन वापरून ‘आहे त्यात एक मिळव’ ही आज्ञा डेटाबेसलाच द्या. सेशनमध्ये फक्त कार्टचा तो क्रमांक राहील. असे केल्यावर दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तरी त्या वेगवेगळ्या ओळींवर काम करतात, किंवा एकाच ओळीवर असतील तर डेटाबेस त्यांना रांगेत लावतो.

इथे एक मोह टाळावा. कार्टच्या टेबलमध्ये सेशनची किल्लीच परकी किल्ली (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारा दुवा) म्हणून ठेवावी, वेगळा क्रमांक कशाला, असे अनेकांना वाटते. लॉगिन होताना जँगो सेशनची किल्ली बदलतो, आतला डेटा तसाच ठेवून. हे जाणूनबुजून केलेले आहे, कारण हल्लेखोराने आधीच एखादी किल्ली वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये घुसवून ठेवली असेल तर लॉगिननंतर ती त्याच्या कामाची राहू नये. पण तुमची कार्ट जुन्या किल्लीला बांधलेली असेल तर लॉगिन करताच ती पोरकी होते. शिवाय सेशनची किल्ली ही व्यवहारात पासवर्डइतकीच गुप्त असते; ती इतर टेबलांत, लॉगमध्ये किंवा त्रुटींच्या अहवालांत पसरवणे योग्य नव्हे. सेशनमध्ये ठेवलेला कार्टचा क्रमांक मात्र लॉगिनमध्ये टिकतो, आणि लॉगिनच्या सिग्नलवर ती कार्ट वापरकर्त्याच्या नावे करून टाकता येते. लॉगआउटला मात्र जँगो सेशन पूर्णपणे पुसतो, त्यामुळे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची कार्ट त्याच्या खात्यावरूनच शोधली पाहिजे.

पाच टप्प्यांच्या अर्जाबाबत आणखी एक बाब आहे, जी तुम्ही विचारलेली नाही पण लवकरच समोर येईल. सेशन हे ब्राउझरचे असते, टॅबचे नसते. एका टॅबमध्ये एका अभ्यासक्रमाचा अर्ज तिसऱ्या टप्प्यावर आहे आणि दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्याच अभ्यासक्रमाचा अर्ज सुरू केला, तर दोघांचे टप्पे एकाच जागी लिहिले जातात आणि शेवटी जमा होणारा अर्ज अर्धा याचा व अर्धा त्याचा असतो. तुलना करणारा वापरकर्ता नेमके हेच करतो. अर्जासाठी मसुद्याचे टेबल करा, मसुद्याचा क्रमांक यूआरएलमध्ये ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर हा मसुदा याच वापरकर्त्याचा किंवा याच सेशनचा आहे ना, ते तपासा. मसुदा असल्यामुळे ‘उद्या पूर्ण करा’ ही सोय आपोआप मिळते, आणि अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर सोडला जातो हेही कळू लागते. शोधाचे निकाल तर कुठेच साठवू नका. शोधाच्या अटी यूआरएलमध्ये असल्या की पान पुन्हा तयार होते, आणि दुव्याची देवाणघेवाणही करता येते.

निकालांच्या संदर्भात तुम्ही पिकल सीरियलायझर (पायथॉनच्या वस्तू जशाच्या तशा साठवण्याजोग्या रूपात बदलणारे साधन) वापरत असल्याचे लिहिले आहे, कारण जेसनमध्ये मॉडेलच्या वस्तू बसत नाहीत. ते ताबडतोब काढा. पिकल उलगडताना मनमानी कोड चालू शकतो, त्यामुळे ज्याला सेशनच्या साठ्यात लिहिता येते, किंवा सगळे सेशन सही करून ब्राउझरच्या कुकीतच ठेवलेले असताना ज्याच्या हाती सहीची गुप्त किल्ली लागते, त्याला तुमच्या सर्व्हरवर कोड चालवता येतो. जँगोने पिकल सीरियलायझर ४.१ मध्ये कालबाह्य ठरवला आणि ५.० मध्ये काढून टाकला, म्हणजे आवृत्ती वाढवताना हे काम तसेही गळ्यात पडणारच आहे.

आता फुगलेल्या टेबलाकडे. जँगो मुदत संपलेली सेशन वाचताना दुर्लक्षित करतो, पण डेटाबेसमधून स्वतःहून काढत नाही. त्यासाठी क्लिअरसेशन्स ही आज्ञा आहे आणि ती क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनातून, रोज चालवायची असते. बहुतेक ठिकाणी हे राहून जाते. तुमच्या टेबलमध्ये आता लक्षावधी ओळी असल्याने पहिल्यांदाच ती थेट चालवू नका, कारण एकाच मोठ्या डिलीटमुळे डेटाबेसवर बराच वेळ ताण येईल. आधी हाताने काही हजार ओळींच्या तुकड्यांत जुनी सेशन काढा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये इतके पुसूनही डिस्कवरील फाइल लगेच लहान होत नाही, याने गोंधळून जाऊ नका; ती जागा नव्या ओळींसाठी वापरली जाते.

पण ओळी इतक्या का झाल्या, हा खरा प्रश्न आहे. तुमचे मुख्य पान प्रत्येक भेटीत सेशनमध्ये रिकामी कार्ट लिहून ठेवते. सर्च इंजिनचे क्रॉलर (पाने वाचत फिरणारे प्रोग्राम) सहसा कुकी परत पाठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक भेटीत एक नवे सेशन जन्माला येते आणि पूर्वनिर्धारित १२,०९,६०० सेकंद, म्हणजे दोन आठवडे, वैध राहते. ज्याने अजून काहीही निवडलेले नाही त्याच्यासाठी सेशनमध्ये लिहायचेच नाही, एवढा नियम पाळला तरी टेबलची वाढ लक्षणीयरीत्या कमी होईल. हा धोका काल्पनिक नाही: २०१५ मध्ये खुद्द जँगोमध्येच असा सुरक्षादोष सापडला होता की अनोळखी किल्ली घेऊन येणाऱ्या रिक्वेस्टमुळे रिकामी सेशन साठ्यात तयार होत आणि साठा भरून टाकता येई. त्याची दुरुस्ती त्याच वर्षी झाली, मात्र आपल्या व्ह्यूमधून (पान तयार करणाऱ्या कोडमधून) तीच गोष्ट घडवून आणणे आपल्याच हातात राहते.

डिप्लॉयनंतरच्या लॉगआउटचे कारण तुमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जे नाही त्यात आहे. सेशन कॅशमध्ये हलवले, पण कॅशची स्वतंत्र सेटिंग दिलेली नाही, म्हणून जँगो प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीतील कॅश वापरतो. प्रोसेस पुन्हा सुरू झाली की मेमरी गेली आणि सेशनही गेली. एकाहून अधिक वर्कर प्रोसेस असतील तर आणखी विचित्र लक्षण दिसते: एका वर्करला सेशन माहीत असते, दुसऱ्याला नसते, आणि वापरकर्ता प्रत्येक क्लिकगणिक आत-बाहेर होतो. रेडिस हा वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा साठा लावल्यावर हे थांबेल, जँगो ४.० पासून रेडिसचा आधार अंगभूत आहे.

रेडिस लावतानाही दोन गोष्टी पाहा. तुमच्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये शेवटी कॅश पूर्ण रिकामी करणारी आज्ञा आहे. पानांची कॅश आणि सेशन एकाच जागी असतील तर ती आज्ञा सगळ्यांना लॉगआउट करेल आणि रेडिस लावूनही काही बदलले नाही असे वाटेल. तसेच मेमरी भरल्यावर कोणतीही किल्ली काढून टाकण्याचे धोरण रेडिसवर असेल तर पानांच्या कॅशचा भार वाढताच सेशन गुपचूप बाहेर फेकली जातील. सेशनसाठी वेगळे रेडिस ठेवून सेशन_कॅश_एलियास, म्हणजे सेशन कोणत्या कॅशमध्ये जावे हे सांगणारी सेटिंग, त्याच्याकडे वळवणे उत्तम. ते शक्य नसेल तर कॅश्ड_डीबी हे इंजिन घ्या, जे डेटाबेसमध्येही लिहिते आणि कॅशमध्येही, आणि कॅशमध्ये न सापडल्यास डेटाबेसमधून वाचते. तुमच्या आकाराच्या ॲप्लिकेशनसाठी मी हेच निवडेन. सेशन एकदा लहान झाले आणि लेखन कमी झाले की साधे डेटाबेस इंजिनही पुरेसे पडते, आणि सेशन कॅशमध्ये हलवण्याची गरज मुळात नव्हतीच असे दिसून येईल.

सहीच्या कुकीत सगळे सेशन ठेवण्याचा पर्यायही तुम्ही विचारला होता. तो मी सुचवणार नाही. जँगोत ही कुकी सही केलेली असते पण गुप्त नसते, म्हणजे वापरकर्ता तिच्यातील मजकूर वाचू शकतो. ब्राउझर एका कुकीला साधारण ४०९६ बाइटपर्यंतच जागा देतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लॉगआउट केल्यावर सर्व्हरवर पुसण्यासारखे काहीच नसल्याने, आधी चोरलेली कुकी तिची मुदत संपेपर्यंत चालत राहते.

सीक्रेट_की ही जँगोची गुप्त किल्ली ठेवणारी सेटिंगही एकदा तपासा. ती सुरू होताना नव्याने तयार होत असेल तर कोणतेही इंजिन वापरा, प्रत्येक डिप्लॉयनंतर सगळे बाहेर पडतील, कारण लॉगिनची पडताळणी आणि साठवलेल्या डेटाची सही या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. ती बदलायचीच असेल तर जँगो ४.१ पासून जुन्या किल्ल्यांची यादी सोबत देता येते.

सेशन_सेव्ह_एव्हरी_रिक्वेस्ट बंद करताना एक परिणाम ध्यानात घ्या. मुदत शेवटच्या बदलापासून मोजली जाते, त्यामुळे रोज येणारा वापरकर्ताही लॉगिननंतर दोन आठवड्यांनी बाहेर पडेल. हे नको असल्यास एक छोटे मिडलवेअर लिहा, जे सेशनमध्ये शेवटच्या भेटीची तारीख ठेवते आणि तारीख बदलली असेल तेव्हाच लिहिते. दिवसातून एक लेखन पुरते. कुकीच्या सेटिंगमध्ये एचटीटीपी-ओन्ली (पानावरील स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारे) आधीच चालू असते, परंतु सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच पाठवणारे) मात्र स्वतः चालू करावे लागते. २०१० मध्ये फायरशीप या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने उघड्या वाय-फायवरून इतरांचे सेशन किती सहज उचलता येते हे जगाला दाखवले, त्यानंतर ही सेटिंग बंद ठेवण्याला काहीच समर्थन उरलेले नाही.

बदल अमलात आणताना जुनी सेशन अजून काही काळ जिवंत असतील आणि त्यांच्यात जुन्या पद्धतीची कार्ट असेल. पिकलवरून जेसनवर जाताना ती वाचताच येणार नाहीत, म्हणून सध्या पिकल चालू असतानाच एक छोटा डिप्लॉय करा: वापरकर्ता आला की सेशनमधील कार्ट नव्या टेबलमध्ये हलवायची, सेशनमध्ये फक्त क्रमांक ठेवायचा आणि जुनी किल्ली काढून टाकायची. हा डिप्लॉय करण्यापूर्वी सेशन मेमरीच्या कॅशमधून बाहेर काढलेली असावीत, नाहीतर प्रोसेस थांबतानाच हलवायचा माल नाहीसा होईल; त्या पहिल्या बदलात मात्र सगळ्यांना एकदा लॉगआउट व्हावे लागेल आणि मेमरीतील कार्टही जातील, तेव्हा तो वर्दळ कमी असताना आणि आधी सूचना देऊन करा. त्यानंतर दोन आठवडे जाऊ द्या, मग सीरियलायझर बदला, आणि स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) सेशनचे टेबल पूर्ण रिकामे करून एखादा अर्ज तिसऱ्या टप्प्यापासून पुढे नेता येतो का, ते स्वतः करून पाहा.